मैलाचा दगड त्याच्या जागेवरच राहू द्या

प्रति,
सार्वजनिक बांधकाम विभाग, मुंबई व राज्यातल्या इतर महानगरपालिकांचे रस्ते विभाग, महामार्गांची कामं पाहणारे अभियंते आणि ही कामं घेणारे ठेकेदार यांस,

स. न. वि. वि.

पाऊस उघडला की रस्त्यांची कामं सुरू होतील. रुंदीकरण, काँक्रीटीकरण, गटारं, केबलचे चर. त्याआधी तुमच्यापुढे एक मागणी ठेवतो आहे. जुन्या रस्त्याच्या कडेला इंग्रजी अमदानीतला मैलाचा दगड उभा असेल, तर तो निविदेच्या नकाशात दाखवा आणि आहे तिथेच राहू द्या. तोडू नका हे तर झालंच, पण उचलून बागेत, कार्यालयाच्या आवारात किंवा संग्रहालयातही नेऊ नका.

शेवटच्या वाक्यावर काही जण अडतील. संग्रहालयात नेला तर दगड सुरक्षित राहील, मग हरकत कशाची? हरकत अशी की मैलाचा दगड ही एक मोजणी आहे. देवळाचा कोरीव खांब जागेवरून हलला तरी त्याचं शिल्प उरतं, वीरगळ हलला तरी त्यावरची लढाई दिसत राहते. मैलाच्या दगडावर यातलं काहीच नसतं. असतो एक आकडा, फार तर एखादं गावाचं नाव. तो आकडा एका ठरावीक जागी उभा राहूनच खरा ठरतो. पाच मैलांचा दगड अर्धा फर्लांग पुढे नेऊन रोवला की तो खोटं सांगू लागतो, आणि आवारातल्या हिरवळीवर ठेवला की काहीच सांगत नाही. मी आयुष्यभर तुमच्याच खात्यात चेनेज, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचं अंतर, लिहीत आलो. चेनेज चुकलं की खालची सगळी मोजमापं चुकतात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण तिथे दगडही आहेत आणि ते कसे हरवतात याचा पुरावाही आहे. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च हा मुंबईच्या मैलांचा शून्य. या इमारतीचा पाया मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड ऑंजियरच्या काळात, १६७६ मध्ये घातला गेला. पुढे काम रखडलं आणि चर्च उघडलं ते १७१८ च्या नाताळात. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जाता यायचं तो चर्चगेट. दरवाजा पाडून दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी लोकल अजून त्याच नावाच्या स्टेशनात थांबते. या चर्चपासून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यांवर दर मैलाला काळ्या बसाल्टचा एकेक दगड बसवला होता. त्यावर रोमन आकड्यांत अंतर कोरलेलं आणि ते कुठून मोजलं तेही लिहिलेलं. १८३७ मध्ये चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. दगडांवर मात्र नुसतं ‘चर्च’ असंच कोरलेलं असल्यामुळे ते त्याआधीचे, साधारण १८१६ ते १८३७ या काळातले मानले जातात. म्हणजे बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली तेव्हा हे दगड आधीच जुने झाले होते.

काळबादेवी, परळ, दादर अशा वाटेवर हे दगड होते. त्यांतले कितीतरी पुढे जवळजवळ दिसेनासे झाले. कुणी चोरले नाहीत की फोडले नाहीत. रस्ता वर वर आला आणि दगड खाली गेले. डांबराचा एक थर, काही वर्षांनी दुसरा, मग फुटपाथची उंची वाढवली, पेव्हर ब्लॉक बसवले. कमरेएवढा उंच दगड असा हळूहळू घोट्यापर्यंत आला, आणि काही तर आकड्यासकट जमिनीत गेले. गेल्या काही वर्षांत महापालिकेच्या पुरातन वास्तू जतन कक्षाने यांतले काही दगड शोधून, भोवतालची भर काढून, साफ करून पुन्हा उभे केले. या कामाचं मला मनापासून कौतुक वाटतं. ज्यांनी हे केलं त्यांनी दगड जागा न बदलता वर आणले, आणि काम खरं कसं करायचं याचा धडाच घालून दिला. माझी काळजी पुढच्या थराची आहे. जतन कक्ष एका इमारतीत, रस्ते विभाग दुसऱ्या, आणि जेसीबीवर बसलेल्या ऑपरेटरला या दोघांपैकी कुणीच काही सांगितलेलं नाही, अशी वेळ पुन्हा येऊ नये.

या दगडांचा टोलशी जुना संबंध आहे, आणि तो टोलनाक्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. इंग्लंडमध्ये १६६३ च्या कायद्याने पहिल्यांदा रस्त्यावर आडवा दांडा लावून पैसे घेण्याची परवानगी मिळाली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अशा टोलरस्त्यांचे स्थानिक विश्वस्त मंडळांमार्फत जाळंच तयार झालं. भरभराटीच्या काळात तिथे अशी हजाराच्या आसपास मंडळं होती आणि त्यांच्या ताब्यात सुमारे वीस हजार मैल रस्ता होता. पुढे कायद्याने या मंडळांवर मैलाचे दगड बसवण्याची जबाबदारी घातली. ज्याने पैसे मोजले त्याला आपण किती आलो आणि किती उरलं हे कळलं पाहिजे, शिवाय टपालाच्या घोड्यांचं भाडंही मैलावर ठरायचं. दगड म्हणजे प्रवाशाच्या हातातली पावतीच होती. पुढे आगगाडी आली आणि ही मंडळं एकामागून एक बुडाली. शेवटचा नाका वेल्समधल्या अँगलसी बेटावर १८९५ मध्ये बंद झाला. नाक्यांच्या खोल्या राहत्या घरांत मिसळून गेल्या. दगड मात्र हजारोंनी उरले.

इंग्लंडात हे टोलरस्ते भरात होते त्याच सुमारास आपल्याकडे हीच रीत आली. शीव आणि कुर्ल्याच्या मधली खाजण ओलांडायला गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात बांध घातला. काम १७९८ मध्ये सुरू झालं, १८०३ मध्ये संपलं आणि खर्च आला ५०,५७५ रुपये. त्यावरून जायला टोल द्यावा लागे. माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या खाडीवर रस्ता हवा होता तेव्हा सरकारने हात आखडता घेतला. अखेर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच होती, इथून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. आज त्याच वाटेने रोज किती लाख माणसं जातात, आणि त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल! एका बाईने स्वतःच्या पैशाने टोल अडवला, हे त्या रस्त्यावर कुठेतरी मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असायला हवं. ही माझी जोडमागणी समजा.

बोरघाटाची कथा याहून मोठी. तोवर मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे, तिथून खोपोली गाठे. तिथे नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्यावर विसावा घेऊन पायी, डोलीत किंवा तट्टावरून घाट चढे. बैलावर लादलेला माल वर जाई, पण चाकाची गाडी सरळ चढत नसे. गव्हर्नर जॉन माल्कमने १० नोव्हेंबर १८३० रोजी कॅप्टन ह्यूजने आखलेला गाडीरस्ता खुला केला, आणि कोकण व देश यांच्यामधली भिंत आपण पाडली अशा अर्थाचं लिहून ठेवलं. घाटात टोल बसला आणि वसुलीचा मक्ता दिला जाऊ लागला. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली आणि रस्त्याचं तेज उतरलं. घाटातला आपल्या लोकांचा हिशेब मात्र वेगळाच राहिला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर शिंगरोबा, ही आख्यायिका घाटाखालच्या प्रत्येक गावात सांगतात, आणि त्याच्या देवळापाशी आजही ड्रायव्हर गाडी हळू करून नाणं टाकतात. मक्तेदार गेले, माल्कम गेला, तरी वाट दाखवणाऱ्याला द्यायचे पैसे लोक अजून देत आहेत. जुन्या रस्त्यावर एखादा दगड शेंदूर फासलेला दिसला की मला याच श्रद्धेची आठवण होते. त्या शेंदराला हसू नका. त्यामुळे कितीतरी दगड वाचले आहेत.

आमच्या खात्यात पूर्वी मैलकुली असे. एका मैलाचा तुकडा त्याच्या ताब्यात. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, साइडपट्टीचं गवत काढायचं, पावसाळ्यात चर मोकळे ठेवायचे, झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे. त्याच चुन्याने तो मैलाचा दगडही पांढरा करी आणि काळ्या रंगाने आकडा पुन्हा गिरवी. लिहिता न येणारे मैलकुलीसुद्धा आपल्या दगडावरचा आकडा डोळे मिटून काढू शकत. रस्त्यावर कुठे काय आहे ते त्याला पाठ असे, त्यामुळे त्याच्या हद्दीतला दगड गाडला जाणं शक्यच नव्हतं. आता देखभाल ठेक्याने होते, ठेका दोन-तीन वर्षांचा असतो आणि दगड ओळखणारा माणूस रस्त्यावर उरलेला नाही. दगड हरवण्याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण आहे, आणि ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

दुसरं कारण मोजमापाचं. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत घेतली आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यांवर किलोमीटरचे दगड आले. राष्ट्रीय महामार्गाला पिवळं डोकं, राज्य महामार्गाला हिरवं. ते व्हायलाच हवं होतं. पण मैल रद्द झाला म्हणून मैलाचा दगडही रद्दच, अशी समजूत झाली. कुठे तो मोरीच्या कठड्यात गेला, कुठे कुणाच्या दारातली पायरी झाला. मैल रद्द झाला तरी त्या दगडाने केलेली मोजणी रद्द होत नाही. जुना रस्ता नेमका कुठून जात होता, कुठे वळण सरळ केलं, कुठे गाव बाजूला टाकलं, हे दोन दगडांमधलं अंतर आज मोजलं की कळतं. १,६०९ मीटरपेक्षा जास्त-कमी भरलं तर तिथे रस्ता बदललेला आहे. जुने नकाशे पिवळे पडून तुकडे झाले, त्यांच्यावर विसंबता येत नाही. दगडावर येतं, पण जागा न हललेल्या दगडावरच.

बंगालमधली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १८२८ च्या सुमारास आठेक वर्षांचा ईश्वरचंद्र, पुढचे विद्यासागर, वडिलांबरोबर बीरसिंह गावाहून पायी कलकत्त्याला निघाला होता. वाटेत त्याला पुन्हा पुन्हा पाट्या-वरवंट्यातल्या पाट्यासारखे दगड रोवलेले दिसले. रस्त्यात वाटण वाटायचे दगड कशाला, असं त्याने विचारलं. वडील हसले आणि हे मैलाचे दगड आहेत, यावर इंग्रजी आकडे आहेत असं सांगितलं. मग त्या मुलाने एकोणीसपासून उतरत्या क्रमाने येणारे आकडे बघत बघत चालता चालता इंग्रजी अंक शिकून घेतले. परीक्षा पाहायची म्हणून वडिलांनी सहाचा दगड त्याला दाखवला नाही आणि थेट पाचचा दाखवला. मुलगा म्हणाला, हा सहा असायला हवा, चुकून पाच खोदलाय. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ते दगड आपापल्या जागी, क्रमाने उभे होते म्हणून ते शिक्षण झालं. एकच दगड काचेच्या पेटीत असता तर त्या मुलाला काय कळलं असतं?

आता कामाचं बोलतो.

अंदाजपत्रक करण्याआधी रस्त्याची पाहणी होते तेव्हा झाडं मोजता, विजेचे खांब मोजता, जलवाहिन्या दाखवता. त्याच तक्त्यात मैलाच्या दगडांचा एक रकाना टाका. जागेचे अक्षांश-रेखांश, जमिनीवर दिसणारी उंची, दगडावर काय कोरलं आहे आणि चारही बाजूंनी फोटो, एवढं पुरे. खर्च जवळजवळ नाही. मग निविदेत त्याच्या रक्षणाची स्वतंत्र बाब ठेवा. बाब असली की दर येतो, दर आला की जबाबदारी येते, आणि मोजमाप पुस्तिकेत तिची नोंद होते. बाब नसलेलं काम ठेकेदार करत नाही आणि त्याला दोषही देता येत नाही.

रस्त्याची पातळी वाढवायची असेल तर दगड त्याच जागी, त्याच दिशेला तोंड ठेवून वर उचला. नाहीतर भोवती उघडा खड्डा ठेवून त्याला पाण्याचा निचरा द्या. शक्य तिथे मिलिंग करून जुना थर काढा, म्हणजे पातळी वाढणारच नाही. पायाशी थेट सिमेंट काँक्रीट ओतू नका. दगड त्यात पकडला जातो आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर तुटूनच निघतो. भोवती वाळू किंवा चुन्याचं मिश्रण भरून अंतर ठेवा. रुंदीकरणात दगड गाडीमार्गातच येत असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर तो रस्त्याच्या लांबीला काटकोनात, फक्त आडवा, नव्या कडेपर्यंत सरकवा. म्हणजे जागा थोडी बदलली तरी मैल तोच राहतो. रस्त्याच्या लांबीने मात्र एक फूटही नको. आणि सरकवला हे तिथे लिहून ठेवा.

रंगाबद्दलही सांगतो. उत्साहाच्या भरात दगडांना ऑइलपेंट फासला जातो, त्यावर दरवर्षी नवा हात. अक्षरांच्या खाचा बुजतात आणि मग कुणीतरी तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर घेऊन बसतं. बसाल्ट टणक असला तरी दोनशे वर्षांपूर्वी टाकीने काढलेली धार एका दुपारच्या ग्राइंडरने जाते. रंग काढायचा तर जतनतज्ज्ञाकडून काढा, आणि नाही जमलं तर तसाच राहू द्या. रंगाखाली अक्षर शाबूत असतं. शेंदूर असेल तर गावकऱ्यांशी बोला. देव समजून जपलेला दगड पुराणवस्तू ठरवून हिसकावून घ्यायची गरज नाही.

हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० पासून आहे. पण मुंबईबाहेरचे बहुतेक मैलाचे दगड कुठल्याच यादीत नाहीत. नागपूरने आपला शून्य मैलाचा स्तंभ जपला, त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालं, ही आनंदाची गोष्ट. पण शून्याला मान द्यायचा आणि पुढचे एक, दोन, तीन हरवू द्यायचे, हे बरोबर नाही. उत्तरेत मोगल काळातले कोसमिनार, म्हणजे कोसाकोसावर अंतर दाखवणारे मनोरे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केले आहेत. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक आजही उभा आहे. तो प्राणी बघायला येणाऱ्यांसाठी तिथे आणलेला नाही. मिनार आधीपासून तिथे होता, प्राणिसंग्रहालय नंतर त्याच्या भोवती आलं. विलायतेत १९४० मध्ये जर्मन फौजा उतरल्या तर त्यांना वाट कळू नये म्हणून दगड काढून पुरून ठेवले होते. युद्ध संपल्यावर त्यांतले पुष्कळ पुन्हा रोवले गेले. आज तिथे हे दगड शोधणारी, नोंदवणारी स्वयंसेवकांची संस्था २००१ पासून काम करते आहे. आपल्याकडे स्वयंसेवक मिळणार नाहीत असं मला मुळीच वाटत नाही. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घालणारी मुलं-मुली दर रविवारी निघतात. त्यांना जुन्या रस्त्यांची नावं दिली, तर एका हिवाळ्यात यादी उभी राहील.

सुरुवात कुठून करायची ते ठरवून टाकू. मुंबईतले सापडलेले दगड रस्ते विभागाच्या प्रत्येक प्रभागाच्या नकाशावर चढवा. त्यानंतर पनवेल ते पुणे हा जुना रस्ता घ्या, आणि तिसरा ठाण्याहून कसाऱ्याच्या घाटाने नाशिककडे जाणारा आग्रा रोड, ज्याचा मुंबईतला तुकडा आपण लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो. या तीन रस्त्यांवर दसऱ्यानंतर, कामं निघायच्या आत, शाखा अभियंत्याने आपल्या हद्दीत एकदा पायी चालावं. गाडीच्या काचेतून हे दगड दिसत नाहीत, गवतात असतात. बरोबर जुना मैलकुली हयात असेल तर त्याला घ्या. त्याला भत्ता द्या, चहा द्या, आणि त्याचं म्हणणं लिहून घ्या. माझ्यासारखे निवृत्त लोकही येतील, आम्हाला भत्ताही नको. कुठल्या दिवशी, कुठल्या किलोमीटरपासून चालायचं तेवढं कळवा.

आपला,
सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला एक शाखा अभियंता